तायडे बाईंची शनिवारची सभा

तायडे बाईंचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं. बायको म्हणते, "अहो, किती वर्षं झाली त्याला! तुमचा पारा काही उतरत नाही." खरं आहे. आता धुळ्याला घर बांधून मी निवांत बसलोय, पेन्शन खातोय, सकाळी फिरायला जातोय. पण बाईंची आठवण निघाली की हातातला चहा गार होतो. राग नक्की कोणावर, ते मात्र धड सांगता येत नाही. सरकारवर, गावावर, सभापतींवर, की खुद्द बाईंवर? सगळ्यांवरच थोडा थोडा असावा.

भडगावपासून जरा आत, गिरणेच्या काठी आमचं गाव. मी त्याच गावचा आणि तिथल्याच जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मास्तर. शाळा म्हणजे काय, चौथीपर्यंतचे वर्ग आणि दोन खोल्या. त्यातल्या एकीची कौलं दर वर्षी माकडं खाली आणायची. जागा पुरायची नाही म्हणून दुसरीचा वर्ग मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर भरायचा. चौथी झाली की पोरं नदीपलीकडच्या शाळेत जायची आणि पोरी कापूस वेचायला. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि गावात कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा तायडे बाई आमच्याकडे मुख्याध्यापिका म्हणून आल्या. मूळच्या पहूरच्या. ठेंगण्या, सावळ्या, अंगावर सुती पातळ, खांद्याला कापडी पिशवी. आवाज असा खणखणीत की शेवटच्या रांगेत पेंगणारं पोर दचकून उठायचं. पहिल्याच दिवशी मला विचारलं, "गुरुजी, चौथीच्या पोरी पुढे कुठे जातात?"

"कुठे जाणार? शेतात."

"मग आपली शाळा चौथीला का थांबते?"

आता ह्याला काय सांगणार? म्हटलं, "बाई, मी जन्मलो तेव्हापासून ती चौथीलाच थांबते."

"तुम्ही जन्मले हे काही कारण नाही झालं," असं म्हणून त्या वर्गावर निघून गेल्या. मी तिथेच उभा. मनात म्हटलं, झालं, ही बाई आपल्याला सुखाने भाकर खाऊ देणार नाही.

दुसऱ्याच आठवड्यात देवळाच्या ओट्याचं प्रकरण निघालं. दुसरीचा वर्ग बाईंनी स्वतःकडे घेतला होता. गावातली दोनचार वडीलधारी माणसं मला गाठून म्हणाली, "गुरुजी, ओट्यावरचा वर्ग तुम्हीच घेत जा. बाईंना ऑफिसचं काम पाहू द्या." थेट कोणी काही बोललं नाही. बाई बौद्ध होत्या. काय म्हणायचं आहे ते बोलणाऱ्याला कळत होतं आणि ऐकणाऱ्यालाही. मी आडूनआडून बाईंच्या कानावर घालायला गेलो, तर त्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "कळलं," म्हणाल्या, आणि सगळा वर्गच ओट्यावरून उठवून शाळेच्या आवारातल्या निंबाखाली आणून बसवला. हिवाळाभर पोरं खूश होती. एप्रिल लागला, त्याच वडीलधाऱ्यांची नातवंडं घामाने निथळायला लागली, तेव्हा गावाला एकदम आठवलं की शाळेला खोल्या पाहिजेत. ग्रामपंचायतीने झटक्यात ठराव केला. बाई मला म्हणाल्या, "बघा, मी कोणाशी भांडले का?" मला वाटलं होतं त्यांनी भांडावं. मी त्यांच्या जागी असतो तर गाव डोक्यावर घेतलं असतं.

पाचवीचा वर्ग मागायचा तर तेवढी मुलं दाखवावी लागतात. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी कुत्रं सुद्धा सावली सोडत नाही. त्या उन्हात ही बाई डोक्यावर ओला पंचा टाकून घरोघर फिरायची आणि मागे मी, मनातल्या मनात शिव्या घालत. रहीमभाईच्या दारात गेलो ते मला चांगलं आठवतं. रहीमभाई कापूस पिंजून गाद्या भरायचा. त्याची शबाना चौथी पास झाली होती, हुशार पोरगी, आमच्याकडे बघत दाराआड उभी होती. रहीमभाई हात जोडून म्हणाला, "बाई, गाव में है तब तक पढाओ. नदी के पार नहीं भेजूंगा. मेरी जबान है."

"गावात सातवी आली तर सातवीपर्यंत?" बाईंनी विचारलं.

"आई तो सातवी तक. जबान दिया ना."

बाहेर पडल्यावर बाई म्हणाल्या, "झालं तर मग. सातवी गावात आणायची." कोपऱ्यावरच्या दुकानातून मीठ आणायचं असावं तसं बोलल्या. पण केलं खरं त्यांनी. पाचवी आणली. पुढच्या वर्षी सहावी आणली. तालुक्याला इतके खेटे घातले की त्यांना दारात पाहिलं की शिक्षण विस्तार अधिकारी पंखा बंद करून उठायचे.

बाईंची खरी ओळख मात्र शनिवारी व्हायची. शनिवारी सकाळची शाळा. प्रार्थना झाली की ऑफिसातली हातांची लाकडी खुर्ची बाहेर निंबाखाली यायची. शाळेत धड अशी तेवढी एकच खुर्ची. समोर सगळी शाळा रांगेने मातीत बसायची. पोरांनी निवडलेलं मंत्रिमंडळ होतं. पाण्याचा मंत्री, सफाईचा मंत्री आणि वर एक मुख्यमंत्री. तसं मंत्रिमंडळ त्या काळी पुष्कळ शाळांत असायचं, पण तिथला मंत्री म्हणजे पाहुण्यांना हार घालणारं पोर. आमच्याकडे मंत्र्याला खुर्चीवर बसावं लागायचं, आणि जो खुर्चीवर बसला त्याला अगदी पहिलीतल्या पोराने सुद्धा हात वर करून विचारायचं. उत्तरं तीनच चालायची. केलं. नाही केलं, कारण अमुक. करीन, अमुक दिवशी. कोणी चुकून "बघू" म्हणालं की सगळी शाळा एका सुरात ओरडायची, "बघू हे उत्तर नाही!" पोरांना तर तेवढंच पाहिजे होतं. कोण "बघू" म्हणतंय, म्हणून ती टपून बसायची.

महिन्यातून एकदा बाई स्वतः खुर्चीवर बसायच्या. एका चिमुरड्याने विचारलं, "बाई, तुम्ही गुरुवारी उशिरा का आल्या?" बाई म्हणाल्या, "एस.टी. चुकली. चूक माझी. सोमवारपासून आधीची गाडी धरीन." आणि धरली. मग माझी पाळी आली. चौथीतली एक नकटी पोरगी उठली, "गुरुजी, तुम्ही पुढच्या रांगेतल्यांनाच का विचारतात? आम्ही मागे बसतो ते दिसत नाही का?" माझी कानशिलं तापली. म्हटलं, "बरं, बघू..." आणि झालं! सगळी शाळा माझ्या अंगावर. सभा उठल्यावर मी बाईंवर उखडलो. "बाई, ही पोरं उद्या आपल्या डोक्यावर मिरे वाटतील!"

"वाटू द्या," बाई म्हणाल्या. "उद्या ह्यांना मत द्यायचं आहे, गुरुजी. मत देणं सोपं. दिल्यावर विचारायचं कसं, ते कुठे शिकतील? बाजारात?"

निवडणूक सुद्धा त्या तशीच घ्यायच्या. फळ्यामागे प्रत्येक उमेदवाराचा एक डबा, पोराने एकट्याने आत जायचं आणि पाहिजे त्या डब्यात एक चिंचोका टाकायचा. शबाना सहावीत गेली त्या वर्षी ती मुख्यमंत्रीपदाला उभी राहिली आणि समोर आमच्या सरपंच आबांचा नातू. त्याने लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. मी पकडायला निघालो, तर बाई म्हणाल्या, "खाऊ द्या. गोळी तोंडात आहे, चिंचोका हातात आहे." गोळ्या सगळ्यांनी खाल्ल्या, आणि डबा भरला शबानाचा.

आबा दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. धोतर, उपरणं, पिळदार मिशा. माणूस मनाने वाईट नव्हता. म्हणाले, "बाई, पोरेस्ले शिकाडा, पन इतलं बोलाले नका शिकाडू. आते नातू घरमा बी माले इचारस, आबा, कारण सांगा, कहाणी नको!" हे बाईंचंच वाक्य. गृहपाठ न करणाऱ्याला त्या हेच सांगायच्या. मी हसू दाबत उभा राहिलो. बाई म्हणाल्या, "मग कारण सांगत जा ना, आबा." आबा मान हलवत गेले.

सहावीचं वर्ष संपत आलं आणि दोन नव्या खोल्या बांधून झाल्या. उद्घाटनाला पंचायत समितीचे सभापती येणार होते. आमचा सातवीचा प्रस्ताव तालुक्याला पडून होता. सभापतींनी मनात आणलं तर जूनमध्ये वर्ग सुरू. विस्तार अधिकारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब खूश झाले तर सातवी मिळाली समजा. फक्त स्वागत नीट करा." मग काय, आम्ही कंबर कसली. भडगावहून मंडप आणला, लोखंडी खुर्च्या आणल्या, वरण-बट्टीचं जेवण सांगितलं. ऐन वेळी आबा आले, खुर्च्यांकडे बघून भडकले. "सभापतीले काय लोखंडी खुर्चीवर बसाडतस?" आणि गड्याला पाठवून ऑफिसातली हातांची खुर्ची आणवली, निंबाखाली मधोमध ठेवली, वर चादर टाकली. दिवस शनिवारचा. समोर सगळी शाळा रांगेने मातीत बसलेली. आता सांगा, ह्यात पोरांचं काय चुकलं?

सभापती आले ते ऊन डोक्यावर आल्यावर. फीत कापली, नारळ फोडला, भाषण केलं. ही मुलं म्हणजे उद्याचे नागरिक, देश त्यांच्या हातात, वगैरे. सातवीबद्दल अक्षर नाही. भाषण संपवून ते खुर्चीवर बसले, आणि शबाना उठली. ओढणी सारखी केली आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, "आजची सभा सुरू होत आहे. खुर्चीवर बसलेल्यांनी उत्तर द्यावं."

पाहुण्यांना वाटलं, आम्ही नाटुकलं बसवलंय. सभापती हसून म्हणाले, "विचारा, विचारा!" मी बाईंकडे पाहिलं. त्या मंडपाच्या खांबाशी उभ्या होत्या. मी हाताने खुणावलं, थांबवा म्हणून. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि नजर पोरांकडे वळवली.

पहिलीतलं एक शेंबडं पोर उठलं. "तुम्ही सकाळी येणार होते. दुपारी का आले?" मंडपात हशा पिकला. सभापती म्हणाले, "कामं असतात, बाळा." दुसरा उठला, "आमचा सातवीचा वर्ग कधी सुरू करणार?"

"बघू," सभापती म्हणाले.

पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. सगळी शाळा, पार पहिलीपासून सहावीपर्यंत, छाती फुगवून ओरडली. विस्तार अधिकाऱ्यांचा चेहरा पांढराफटक. सभापतींचं हसू मावळायला लागलं होतं, तरी त्यांनी सांभाळून घेतलं. शबानाला विचारलं, "नाव काय तुझं?"

"शबाना."

"सातवी शिकून काय करशील गं, शबाना?"

"आठवी," शबाना म्हणाली.

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "पोरगी बरोबर बोलनी!" आणि टाळ्या सुरू झाल्या. सभापतींच्या भाषणाला पडल्या नव्हत्या एवढ्या. सभापती उठले, जीपमध्ये बसले आणि न जेवता निघून गेले. वरण-बट्टी गावाने खाल्ली. मी लोखंडी खुर्च्या मोजत बसलो.

तीन-चार दिवसांनी विस्तार अधिकाऱ्यांचा निरोप आला. बाईंनी त्या पोरीला घेऊन साहेबांच्या बंगल्यावर जावं, पोरीने माफी मागावी, साहेब मनाने मोठे आहेत, सातवी अडणार नाही. मी धावत बाईंकडे गेलो. बाई वह्या तपासत होत्या. "माफी कशाची? चूक काय झाली?"

"चूक नाही हो झाली! पण..."

"कारण सांगा, गुरुजी. कहाणी नको."

माझं टाळकं सटकलं. "तुमचं तत्त्व घाला चुलीत! रहीमभाई पोरीला नदीपार पाठवणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. सातवी आली नाही तर शबानाची शाळा संपली. हे कारण! पुरे का?" मी इतक्या जोराने बोललो की बाहेर पाणी भरणारी पोरं थबकली. बाईंनी हातातली वही मिटली. म्हणाल्या, "सातवी काही माझी नाही. ज्यांची आहे त्यांना विचारू."

शनिवारी त्या खुर्चीवर बसल्या आणि पोरांना सगळं सांगितलं, लपवाछपवी न करता. "माफी मागितली तर सातवी मिळेल असं म्हणतात. मिळेलच, असं मी सांगू शकत नाही. तुम्ही चुकले असं मला वाटत नाही. आता तुम्ही ठरवा." फळ्यामागे दोन डबे ठेवले. मी देवाला हात जोडले. एवढ्याएवढ्या पोरांच्या हातात कोणी असला फैसला देतं का हो? पण पोरं आमच्यापेक्षा व्यवहारी निघाली. त्यांना वर्ग पाहिजे होता. माफीचा डबा भरला. मला हायसं वाटलं. बाईंनी दोन्ही डबे पोरांसमोर उपडे करून दाखवले आणि म्हणाल्या, "ठरलं." आवाज नेहमीचाच होता, पण त्या दिवशी त्यांनी पुढचा तास घेतला नाही.

आम्ही तिघं तालुक्याला गेलो. बाई, शबाना आणि मी. दुपारपर्यंत बंगल्याच्या ओट्यावर बसवून ठेवलं. आत बोलावलं तेव्हा सभापती पेपर वाचत होते, विस्तार अधिकारी बाजूला उभे. शबाना पुढे झाली. बाईंनी तिचा खांदा धरला, तिला आपल्या मागे घेतलं आणि स्वतः हात जोडले. "साहेब, उद्घाटनाच्या दिवशी जे झालं त्याची मी माफी मागते."

विस्तार अधिकारी कुजबुजले, "पोरीने मागायचं ठरलं होतं ना?"

"माफी मागायचं ठरलं होतं," बाई म्हणाल्या. "कोणी मागायची, ते नव्हतं ठरलं."

ज्या बाईने कधी चुकलं नसताना मान झुकवली नव्हती, ती तिथे हात जोडून उभी होती, आणि तो माणूस पेपरातून डोकं वर काढेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मीच हट्ट धरला होता माफीचा, आणि आता मलाच ते बघवेना. शेवटी त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, "बरं बरं. बघू." शबानाने झटकन बाईंकडे पाहिलं. बाईंनी तिचा हात धरला आणि बाहेर पडल्या. भडगावच्या स्टँडवर मी तिघांसाठी उसाचा रस सांगितला, तो तसाच राहिला.

मे महिन्यात बाईंच्या बदलीचा हुकूम आला. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, यावलच्याही पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी एकशिक्षकी शाळा. आणि सातवीचा प्रस्ताव परत आला, पट अपुरा म्हणून. अपुरा! त्याहून कमी पटाच्या गावांना मिळाली होती. मी म्हटलं, संघटनेत जाऊ, वर जाऊ. बाई म्हणाल्या, "बदलीचं सोडा, नोकरीत बदली असतेच. वर्ग का नाही दिला, ते विचारत राहा." पिशवी खांद्याला लावली आणि सकाळच्या गाडीने गेल्या. निरोप समारंभ करायची आबांची फार इच्छा होती. बाईंनी नको म्हटलं.

जूनमध्ये सहावी पास झालेली पोरं सायकलींवर नदीपार जायला लागली. शबाना बापाशेजारी बसून गाद्यांना टाके घालायला लागली. रहीमभाई शब्दाचा पक्का. मला म्हणाला, "गुरुजी, गाव में होती तो मैं रोकता नहीं." नवे मुख्याध्यापक आले, त्यांनी निंबाखालची सभा बंद केली आणि ती खुर्ची ऑफिसात ठेवून तिच्यावर स्वतः बसले. दोन वर्षांनी सातवी आलीच. दारावर कापडी फलक लागला, त्यावर सभापतींचा हसरा फोटो. तोवर शबानाचं लग्न होऊन गेलं होतं. शाळा वाढली म्हणून गावाने पेढे वाटले. मी घेतला नाही, तर लोक म्हणाले, गुरुजी खडूस.

त्यानंतर बाई मला एकदाच दिसल्या, नव्वदचं दशक अर्धं उलटल्यावर. मी एका लग्नाला यावलला गेलो होतो. परत निघालो तर स्टँडवर बाई, केस बरेच पांढरे झालेले, भोवती पाड्यावरच्या चारपाच पोरी. प्रत्येकीजवळ पत्र्याची पेटी. "ह्यांना जळगावच्या वसतिगृहात घालायला चालले," बाई म्हणाल्या. "चौथी झाली. तिकडे पाचवी मागितली, नाही मिळाली. मग म्हटलं, ह्यांनाच घेऊन जाऊ." घरोघर जाऊन आईबापांची समजूत घातली असणार, हे मला वेगळं सांगायला नको होतं.

मी म्हटलं, "बाई, आपल्या शाळेला सातवी मिळाली."

"कळलं. शबाना?"

मी सांगितलं. सोळावं लागायच्या आत लग्न, दोन लेकरं, सासर धुळ्याला. बाईंनी ऐकून घेतलं आणि शेजारच्या पोरीची सुटलेली वेणी घालायला लागल्या. मला राहवेना. म्हटलं, "बाई, त्या दिवशी मी खुणावलं तेव्हा पोरांना थांबवलं का नाही? थांबवलं असतं तर सातवी तेव्हाच आली असती."

"आली असती," बाई म्हणाल्या. "पण 'आठवी' म्हणणारी शबाना मीच घडवली होती, गुरुजी. तिला गप्प कशी बसवणार?"

"मग झालं तर. तुमचं काही चुकलं नाही."

"चुकलं नाही, हे मला नका सांगू." वेणीची फीत बांधता बांधता त्यांचा हात थांबला. "वर्ग नाही मिळाला, तर नाही मिळाला. पण ते विचारणं मी तिच्या अंगात घालून ठेवलं ना? ते घेऊन ती पोरगी चार भिंतींत काय करत असेल, गुरुजी? कोणाला विचारत असेल?"

तेवढ्यात जळगावची गाडी लागली. बाईंनी पोरींना आधी चढवलं, पेट्या एकेक करून वर दिल्या, आणि शेवटी स्वतः चढल्या. दारात गर्दी होती. त्यांचं मागे वळून बघायचं राहून गेलं.